व्हेरिएटरचा नट दुसऱ्यांदा ढिला झाला: थ्रेडलॉकर लावावा का, आणि कोणत्या रंगाचा?

कृष्णाकाठ (प्रश्न):

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१७ सालची ११० सीसीची गिअरलेस स्कूटर आहे आणि तिचे आजवर ४१,००० किलोमीटर झाले आहेत. मिरज ते सांगली हे रोजचे जाणे-येणे तिच्यावरच होते. साडेतीन महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये बेल्ट आणि व्हेरिएटरमधले (म्हणजे बेल्ट फिरवणाऱ्या इंजिनाकडच्या पुलीतले) सहाही रोलर बदलून घेतले. त्यानंतर महिनाभरातच गाडी सिग्नलला उभी असली की डाव्या बाजूने, स्टीलच्या डब्यात चमचा हलावा तसा आवाज येऊ लागला. ॲक्सिलरेटर दिला की तो नाहीसा होत असे. गॅरेजवाल्यांनी कव्हर उघडून व्हेरिएटरचा नट ढिला झाल्याचे सांगितले, हवेच्या गनने तो आवळून दिला आणि आवाज थांबला.

आता तोच आवाज पुन्हा सुरू झाला, म्हणून गेल्या रविवारी मी स्वतःच कव्हर उघडले. क्रँकशाफ्टच्या टोकावरचा तो नट पान्याला जोर न लावताच फिरला. नट काढून फॅन असलेली बाहेरची पुली ओढली, तेव्हा तिच्या मधल्या खाचांतून विटेच्या भुकटीसारखी लालसर पूड माझ्या तळहातावर पडली. गॅरेजवाले म्हणतात की या वेळी लॉकटाइट (म्हणजे आटे धरून ठेवणारा द्रव, थ्रेडलॉकर) मारून देतो, पुन्हा तक्रार येणार नाही. लेथवर काम करणाऱ्या एका मित्राने तर मला लाल रंगाच्या थ्रेडलॉकरची बाटलीच आणून दिली आहे आणि उघडले आहेच तर सगळ्याच नटबोल्टांना लाव, असा सल्लाही दिला आहे.

माझे प्रश्न असे आहेत. व्हेरिएटरच्या नटाला थ्रेडलॉकर लावणे योग्य आहे का? मागच्या बाजूचा क्लच ड्रमचा नट, क्लच आणि मागची पुली एकत्र धरणारा मोठा नट, कव्हरचे बोल्ट आणि मागच्या चाकाचा नट यांना लावावा का? लावायचा असल्यास आटे पेट्रोलने धुतले तर चालतील का? टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरापर्यंतच नट आवळता येतो असा) मी नवीन घेतला आहे, पण थ्रेडलॉकर लावल्यावर सर्व्हिस पुस्तिकेतला टॉर्कचा आकडा तोच ठेवायचा की कमी करायचा, हेही कळत नाही.

भोसरीचा फिटर:

सर्वप्रथम ती लाल बाटली मित्राला परत करा. कारण पुढे सांगतो. आधी हा पदार्थ काय आहे ते पाहू, म्हणजे बाकीची उत्तरे आपोआप सापडतील.

थ्रेडलॉकर हा हवेने सुकणारा डिंक नव्हे. त्याचे वागणे नेमके उलटे आहे. अमेरिकेत हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ साली हा द्रव तयार केला. ऑक्सिजन मिळत आहे तोवर तो पातळ राहतो, आणि हवा कोंडली जाऊन लोखंड किंवा तांबे यांसारख्या धातूचा स्पर्श झाला की घट्ट होऊन कठीण प्लास्टिक बनतो. म्हणूनच बाटली मुद्दाम अर्धी रिकामी ठेवलेली असते आणि तिचे प्लास्टिकही हवा आत झिरपू देणारे असते. आमच्या स्टोअरमध्ये दर नव्या मुलाने एकदा तरी "बाटली अर्धीच भरली आहे, बदलून आणू का" असे विचारलेले आहे. बाटलीचे तोंड बोल्टला टेकवू नये, यामागेही हेच कारण आहे. धातूचे कण आत गेले की उरलेला द्रव बाटलीतच आळू लागतो.

रंगांविषयी थोडक्यात सांगायचे तर जांभळा सौम्य असतो आणि बारीक स्क्रूंसाठी वापरतात, निळा मध्यम असून हातातल्या पान्याने उघडता येतो, आणि लाल कायमच्या जोडणीसाठी असतो. हिरवा पातळ असल्यामुळे आधीच आवळलेल्या नटाच्या फटीत शिरतो. मात्र रंगांचा संकेत सगळ्या कंपन्या सारखाच पाळतील असे नाही, त्यामुळे बाटलीवरचा क्रमांक आणि वर्णन वाचूनच घ्यावी. लाल थ्रेडलॉकर उघडताना जोडणी साधारण २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, गरम असतानाच पाना लावावा लागतो. तुमच्या व्हेरिएटरच्या मागे, बोटभर अंतरावर, क्रँकशाफ्टचे रबरी ऑइल सील बसलेले आहे आणि तसले रबर १०० ते १२० अंशांच्या पुढे टिकत नाही. नट सोडवताना सील जळले की इंजिनाचे ऑइल बेल्टवर येते, आणि ऑइल लागलेला बेल्ट घसरू लागतो. पुढचा बेल्ट बदलण्याच्या वेळी ही कटकट हमखास उभी राहील, म्हणून लाल नको.

आटे पेट्रोलने किंवा रॉकेलने धुऊ नयेत, कारण दोन्ही उडून गेल्यावर तेलकट थर मागे राहतो. ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन आटे पुसावेत. थेट फवारा मारला तर तो सीलवर आणि बेल्टवर जातो. जुन्या थ्रेडलॉकरचा पांढुरका चुरा असल्यास तारेच्या ब्रशने तो आधी काढावा. द्रव एक-दोन थेंबच, तोही नट जिथे प्रत्यक्ष बसणार त्या आट्यांवर लावावा, लगेच पूर्ण टॉर्क द्यावा आणि २४ तास गाडी चालवू नये. लोखंडावर तो दहा-वीस मिनिटांत धरतो खरा, पण पूर्ण ताकद यायला दिवस लागतो, आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या किंवा स्टेनलेस बोल्टांवर याहूनही उशीर होतो.

टॉर्कचा तुमचा प्रश्न चांगला आहे. नट आवळताना आपण जो जोर लावतो त्यातला सुमारे नव्वद टक्के जोर आट्यांतल्या आणि नटाच्या बैठकीखालच्या घर्षणातच खर्ची पडतो. शाफ्टला ताणून जोडणी दाबून धरणारा हिस्सा दहाएक टक्केच असतो. त्यामुळे तेल लावले की घर्षण घटते आणि त्याच आकड्याला ताण बराच वाढतो. थ्रेडलॉकरचा परिणाम तेलाइतका मोठा नसतो, म्हणून मध्यम प्रतीचा द्रव कोरड्या आट्यांवर लावताना मी पुस्तिकेतला आकडा बदलत नाही. मात्र पुस्तिकेने ज्या नटाला तेल लावायला सांगितले असेल तिथे आपल्या मनाने थ्रेडलॉकर लावू नये.

तुमच्या व्हेरिएटरच्या नटाला निळा लावायला माझी हरकत नाही. कव्हरच्या बोल्टांना काहीच लावू नका. ते ॲल्युमिनियमच्या आट्यांत बसतात आणि पुन्हा पुन्हा उघडावे लागतात. मागच्या चाकाचा नट बहुतेक गाड्यांत स्वतःच घट्ट धरणारा असतो. तो सैल फिरू लागला असेल तर नवा घालावा, त्यावर द्रव ओतू नये.

रोलरवाला:

फिटरसाहेबांनी रसायन उत्तम समजावले, पण नटाला निळा लावायला हरकत नाही या त्यांच्या मताशी मी सहमत नाही. निदान कृष्णाकाठ यांच्या गाडीच्या बाबतीत तरी नाही. मी अठरा वर्षे स्कूटरच दुरुस्त करतो आहे. बेल्ट बदलल्यानंतर काही आठवड्यांत व्हेरिएटरचा नट ढिला होतो, तेव्हा दहातल्या आठ गाड्यांत तो कंपनाने सुटलेला नसतो. तो मुळात कधी आवळलाच गेलेला नसतो. गन टर्रर्र करून थांबली, नट हलत नाही, म्हणजे झाले, असे वाटते खरे, पण आत काहीतरी वेगळेच दाबले गेलेले असते.

ही जोडणी डोळ्यांसमोर आणा. क्रँकशाफ्टवर सर्वांत आत रॅम्प प्लेट (रोलरच्या मागची उतरती चकती), मग शाफ्टवर चढलेला बुश (धातूची पोकळ नळी), त्या बुशावर पुढे-मागे सरकणारा रोलरचा भाग, आणि सर्वांत बाहेर खाचांवर बसणारी फॅनची पुली, तिच्यावर वॉशर आणि नट. काही गाड्यांत किकची दातेरी चकतीही याच नटाखाली येते. नटाचा दाब पुलीवर, पुलीचा बुशावर, बुशाचा रॅम्प प्लेटवर आणि तिथून शाफ्टच्या पायरीवर असा धातूवरून धातूवर सरळ गेला पाहिजे. बेल्ट या साखळीत कुठेच नसतो. तो दोन पुल्यांच्या मधल्या घळीत मोकळा असावा लागतो.

पण नवा बेल्ट रुंद असतो, मागच्या पुलीची स्प्रिंग त्याला वर ढकलत असते, आणि त्यामुळे पुढचे वेटोळे ताठ राहून पुल्यांच्या मध्ये वरच अडकते. अशा वेळी फॅनची पुली बुशापर्यंत पोहोचण्याआधी बेल्टवर टेकते. तुम्ही नट आवळता तेव्हा रबर दाबले जात असते. पाना घट्ट लागतो, टॉर्क पानाही "टक" वाजतो, कारण दाब कशावर पडतो आहे हे त्याला कळत नाही. गाडी सुरू होते, दोनचार फेऱ्यांत बेल्ट खाली सरकतो, आणि पुली व बुश यांच्यामध्ये केसभर फट उरते. मग स्थिर गतीला (गाडी उभी असून इंजिन नुसते चालू असताना), मिनिटाला सुमारे १,७०० फेऱ्यांवर, इंजिनाचे सेकंदाला चौदा धक्के त्या पुलीच्या खाचांवर बसत राहतात. तुमच्या तळहातावर पडलेली लालसर पूड ही त्याच झिजलेल्या, गंजलेल्या लोखंडाची आहे. हवेच्या गनने दुसऱ्यांदा आवळताना बेल्ट मोकळा केला नसेल, तर तीच चूक पुन्हा झाली असणार.

आता यावर थ्रेडलॉकर लावला तर काय होईल, याचा विचार करा. नट जागेवर राहील, आवाज कदाचित उशिरा येईल, आणि पुली मात्र सैलच राहून खाचा खात राहील. खाचा पुलीच्या गेल्या तर पुली बदलता येते. क्रँकशाफ्टच्या गेल्या तर पूर्ण इंजिन उघडावे लागते. म्हणून माझे म्हणणे असे की आधी पुरावा शोधा. बुशाचे बाहेरचे तोंड कापडाने पुसून उजेडात धरा. पुली नीट टेकत असेल तर त्या तोंडावर पूर्ण गोल, एकसारखी चकाकती कडी दिसते. कडी नसेल, किंवा चंद्रकोरीसारखी एकाच बाजूला चकाकी असेल, तर पुली कधीच बसलेली नव्हती. बेल्टच्या कडेवरही एका ठिकाणी चेपल्याची खूण सापडेल. वॉशर आहे ना, आणि तो योग्य बाजूने आहे ना, हेही पाहा. काही गाड्यांत तो किंचित वाटीसारखा असतो आणि उलटा बसला तर त्याचा उपयोग राहत नाही. कव्हर उघडून बसणाऱ्या घाईच्या हातांनी वॉशर जमिनीवर विसरल्याचेही मी पाहिले आहे.

मडगावकर:

मी मडगावात भाड्याने स्कूटर देतो. माझ्याकडे अकरा गाड्या आहेत. पर्यटक ज्या पद्धतीने गाड्या चालवतात ते पाहता नट ढिले होणे मला परवडत नाही. गेली सहा वर्षे व्हेरिएटरचा नट, क्लच ड्रमचा नट, सगळीकडे लाल थ्रेडलॉकर आणि हवेची गन, असाच आमचा शिरस्ता आहे. एकही नट सुटलेला नाही. उघडतानाही गनच लावतो, तापवण्याची गरज मला कधी पडली नाही. पुस्तकातले नियम आणि प्रत्यक्ष काम यांत फरक असतो, एवढेच म्हणतो.

भोसरीचा फिटर:

मडगावकर, तुमचा अनुभव मी नाकारत नाही, पण त्याचा अर्थ वेगळा लागतो. लाल थ्रेडलॉकर न तापवता गनने सहज सुटत असेल, तर तो बहुधा धरलेलाच नसतो; तेलकट आट्यांवर किंवा बेल्टच्या काळ्या धुळीवर लावला की असेच होते. म्हणजे तुमचे नट सहा वर्षे टिकले ते नीट बसलेल्या पुलीमुळे आणि भरपूर आवळल्यामुळे, आणि श्रेय मात्र बाटलीला मिळाले.

एक आकडा सांगतो. मध्यम प्रतीचा चांगला थ्रेडलॉकर १० मिलिमीटरच्या लोखंडी बोल्टावर, नट आवळलेला नसताना, साधारण २० ते २५ न्यूटन मीटरला सुटतो. व्हेरिएटरच्या नटाला पुस्तिकेत जो टॉर्क दिलेला असतो तो याच्या कितीतरी पुढचा असतो. जोडणी घट्ट ठेवण्याचे काम दाबाचे आहे. द्रव फक्त नटाला मागे फिरू देत नाही. १९६९ साली गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने प्रयोगांतून दाखवले की जोडणीचे दोन भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले की नट आपोआप मागे फिरतो, आणि साधा स्प्रिंग वॉशर ते थांबवू शकत नाही. आडवे सरकणे बंद करायला पुरेसा दाब लागतो. या अर्थाने रोलरवाला यांचे म्हणणे मला पटले आणि निळ्याला हरकत नसल्याचे माझे विधान मी मागे घेतो. कारण सापडेपर्यंत काहीच लावू नये हेच बरोबर.

आणखी एक गोष्ट माझ्याकडून राहिली होती. थ्रेडलॉकर लावलेल्या नटाचा टॉर्क नंतर तपासता येत नाही. आळलेला थर एकदा हलला की मोडतो, आणि मोडलेला पुन्हा धरत नाही. म्हणजे "पाचशे किलोमीटरनंतर एकदा आवळून घ्या" हा नेहमीचा सल्ला आणि थ्रेडलॉकर हे दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत. शिवाय हा द्रव काही प्रकारच्या प्लास्टिकला तडे पाडतो. फॅन प्लास्टिकचा असेल किंवा थेंब बाजूच्या पॅनेलवर उडाला तर तो लगेच पुसावा.

जुनी चेतक:

विषय गिअरलेसचा आहे, तरी जुन्या गाड्यांची पद्धत इथे उपयोगी पडावी. माझ्या चेतकमध्ये मागच्या चाकाचा नट खाचांचा असून त्यातून स्प्लिट पिन आरपार जाते, आणि क्लचच्या नटाखालच्या वॉशरची जीभ वर वाकवून नटाला टेकवावी लागते. तिथे द्रव लावण्याचा प्रश्नच येत नाही; पिन आणि वॉशर मात्र दर वेळी नवे घालायचे, कारण दोनदा वाकवलेला पत्रा तिसऱ्यांदा तुटतो. १९८४ साली कायनेटिक होंडा आली तेव्हा माझ्या वडिलांनी शेजाऱ्यांची गाडी उघडलेली पाहून "एवढ्या नटाला पिन नाही?" असे आश्चर्याने विचारले होते, ते आठवले.

बाकी, घरात नेलपॉलिश असेल तर ते थ्रेडलॉकर म्हणून लावू नका, पण नट आवळून झाल्यावर नटापासून शाफ्टच्या टोकापर्यंत एक सरळ रेघ ओढायला त्याच्यासारखे दुसरे काही नाही. रेघ तुटली की नट फिरला, हे कव्हर काढताक्षणी दिसते.

कृष्णाकाठ:

सर्वांचे आभार. काल संध्याकाळी बल्ब जवळ घेऊन बुश तपासला. रोलरवाला यांनी सांगितली तशी चंद्रकोरच आहे: तोंडाच्या साधारण एक तृतीयांश भागावर आरशासारखी चकाकी, आणि उरलेल्या भागावर यंत्रावर घासल्याच्या मूळ बारीक रेघा अजून तशाच. बेल्टच्या बाहेरच्या कडेला नखाएवढ्या रुंदीची चेपलेली खूण सापडली. वॉशर जागेवर होता. फॅनची पुली शाफ्टवर चढवून हाताने डावी-उजवीकडे फिरवून पाहिली, तर खाचांत किंचित खेळ जाणवतो; पुलीच्या खाचांच्या कडा गोलसर झाल्या आहेत, शाफ्टच्या मात्र बोटाला टोकदार लागतात.

आता बेल्ट मोकळा ठेवून पुली कशी बसवायची, हे कोणी सविस्तर सांगेल का? आणि मागच्या दोन नटांचे काय करायचे?

रोलरवाला:

शाफ्ट वाचला, हे तुमचे नशीब. फॅनची पुली, नट आणि वॉशर नवे घ्या. चेपलेला बेल्टही बदला, तो तिथूनच फाटतो.

बसवताना मागच्या बाजूपासून सुरुवात करा. मागच्या पुलीचे दोन्ही भाग हातांनी एकमेकांपासून दूर करा, बेल्ट त्या घळीत जितका खोल जाईल तितका ढकला आणि दोन्ही बाजूंनी मुठीत दाबून धरा. असे केले की पुढचे वेटोळे इतके सैल होते की ते शाफ्टभोवती बुशावर लोंबकळते. त्याच स्थितीत, रोलरचा भाग पूर्ण आत ढकललेला असताना, फॅनची पुली खाचांवर चढवा. रोलरचा भाग बसवताना रॅम्प प्लेट मागून अंगठ्यांनी दाबून धरलीच पाहिजे. ती जरा सुटली की एखादा रोलर जागा सोडून आडवा होतो आणि पुन्हा तीच फट तयार होते. पुली बुशाला टेकल्यावर शाफ्टच्या खाचांची टोके पुलीच्या पृष्ठभागापाशी दिसतात आणि नट बोटांनी पुरेसे आटे घेतो. दोन-तीनच आटे पकडले जात असतील तर थांबा, आत काहीतरी अडले आहे.

नट हाताने टेकेपर्यंत फिरवल्यावर बेल्ट दोन बोटांनी वर-खाली, आत-बाहेर हलवून पाहा. तो मोकळा हलला पाहिजे. ही एकच तपासणी चुकू नये. गनवाले नेमकी हीच वगळतात. पुली धरायला पकड लागते. फॅनच्या पात्यांत स्क्रू ड्रायव्हर अडकवू नका, पाते तुटते आणि फॅन तोल सोडतो. शेवटचा टॉर्क पान्यानेच, तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर. तिथल्या तक्त्यात काही नटबोल्टांपुढे लॉकिंग एजंट लावण्याची, काहींपुढे इंजिन ऑइल लावण्याची, काहींपुढे दर वेळी नवाच घालण्याची खूण असते. मी त्या खुणेबाहेर जात नाही. व्हेरिएटरच्या नटापुढे तशी खूण असलेली गाडी आली तर निळा लावतो, नसेल तर कोरडा आवळतो. काम झाल्यावर बेल्ट वर येईपर्यंत मागची पुली हाताने फिरवा आणि मगच इंजिन सुरू करा.

क्लच ड्रमच्या नटालाही हाच नियम, फक्त तिथे बेल्ट अडकण्याची भीती नाही. क्लच आणि मागची पुली धरणाऱ्या मोठ्या नटाखाली मात्र जाड स्प्रिंग दाबलेली असते. योग्य साधन नसेल तर तो नट घरी उघडूच नका, सगळा भाग उडून तोंडावर येतो. तुमच्या गाडीत तो सोडवण्याचे कारणही दिसत नाही.

कृष्णाकाठ:

काम झाले. मागची पुली उघडून धरायला मुलाला बसवले होते; बेल्ट खोल गेल्याबरोबर पुढचे वेटोळे खरोखरच सैल पडले आणि पुली "टक" करून बुशाला टेकली. साडेतीन महिन्यांपूर्वी हा आवाज आला नसणार. आमच्या पुस्तिकेत या नटापुढे लॉकिंग एजंटची खूण नाही, म्हणून कोरडाच आवळला आणि पांढऱ्या नेलपॉलिशची रेघ ओढली. आज ६४० किलोमीटरनंतर कव्हर काढून पाहिले. रेघ अखंड आहे, खाचांत पूड नाही, आणि स्थिर गतीला आवाजही नाही.

एक नवी अडचण मात्र निघाली आहे. कव्हरचा खालच्या कोपऱ्यातला ६ मिलिमीटरचा एक बोल्ट नुसताच फिरतो, आवळत नाही. बोल्टबरोबर ॲल्युमिनियमची तारेसारखी वेटोळी बाहेर आली. तिथे थ्रेडलॉकर भरला तर चालेल का?

भोसरीचा फिटर:

नाही. गेलेल्या आट्यांची जागा तो भरून काढत नाही. मोठ्या फटीत तो नीट आळतही नाही. आधी तो बोल्ट मूळ लांबीचाच आहे का ते पाहा. या कव्हरला दोन-तीन लांबीचे बोल्ट असतात, आणि आखूड बोल्ट लांबच्या जागी गेला की तो वरच्या चार आट्यांवरच सगळा भार टाकून ते ओढून काढतो. खोल भागातले आटे शाबूत असतील तर योग्य लांबीचा बोल्ट १० ते १२ न्यूटन मीटरला अजूनही धरेल. नसतील तर हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची वेटोळी) बसवून घ्या. टॅपच्या (आटे पाडायच्या हत्याराच्या) खाचांत ग्रीस भरून मगच टॅप मारायला सांगा, म्हणजे ॲल्युमिनियमचा चुरा ग्रीसला चिकटून बाहेर येतो, बेल्टच्या बाजूला पडत नाही. पुढच्या वेळी पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी टोचून ठेवा.